दोन्ही येणारा माणूस : चंदू सरवटे यांचं प्रकरण

इंदुरात कुणालाही नुसतं ‘सरवटे’ म्हणा, तो हात करून बस स्टँडचा रस्ता दाखवेल. तो स्टँड तात्या सरवट्यांच्या, म्हणजे विनायक सीताराम सरवटे यांच्या नावाचा. स्वातंत्र्यलढ्यातले, संविधान सभेत बसलेले तात्या; त्यांचं नाव तिथं असणं रास्तच आहे. पण याच गावात आणखी एक सरवटे राहिले आणि २००३ च्या डिसेंबरात इथंच गेले. चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे. क्रिकेटवाल्यांचे चंदू सरवटे. त्यांची आठवण निघते ती बहुतेक एकाच भागीदारीपुरती, आणि ती सांगून झाली की माणसं चहा मागवतात.

मी क्लबांच्या सामन्यांना स्कोअर लिहितो. गेल्या हिवाळ्यात चिमणबाग मैदानावर एक गृहस्थ आपल्या पोराला घेऊन माझ्या टेबलाशी आले. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, किटबॅग त्याच्याहून मोठी. “काका, आमचा दोन्ही करतो. बॅटिंग पण, बॉलिंग पण.” मी विचारलं, कितव्या नंबरवर जातो? वडील उत्साहानं म्हणाले, “जिथं टाकतील तिथं!” पोरगा गप्प होता. त्यांना वाटलं मी कौतुक करीन. मला मात्र चंदू सरवटे आठवले, आणि रात्री घरी जाऊन मी त्यांचे आकडे पुन्हा मांडून बसलो. हे टिपण त्यातूनच झालं.

आकडे, पण नीट वाचून

कसोटीत ९ सामने, १७ डाव, २०८ धावा, सरासरी १३. एकही अर्धशतक नाही, सर्वोच्च ३७. बळी ३, आणि सरासरी १२४.६६. प्रथम श्रेणीत १७१ सामने, ७४३० धावा, सरासरी ३२.७३, १४ शतकं. बळी ४९४, सरासरी २३.५४.

या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की कुणीही म्हणेल, बापरे, केवढा फरक! इथपर्यंत सगळेच येतात. मग कुणी ‘अन्याय झाला’ म्हणतो, कुणी ‘रणजीतले शेर’ म्हणतो, आणि विषय संपतो. मला दोन्ही म्हणणी आळशी वाटतात. आधी घरगुती आकड्यांचं वजन बघू या.

सरवटे यांच्या ऐन उमेदीची वर्षं म्हणजे १९४० चं दशक. त्या दशकात आपल्याकडे गोलंदाज होणं हे पाप होतं. मोठे सामने पाच-पाच, सहा-सहा दिवस चालायचे आणि खेळपट्ट्या गादीसारख्या असायच्या. १९४४-४५ चा रणजी अंतिम सामना घ्या, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. एका सामन्यात २०७८ धावा! विजय मर्चंट यांनी दुसऱ्या डावात २७८ काढल्या. इकडे महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता, त्यानं चौथ्या डावात नाबाद २४९ केल्या आणि तरी होळकर ३७४ धावांनी हरले. त्याच सामन्यात होळकरांच्या सी. एस. नायडूंनी एकट्यानं ९१७ चेंडू टाकले. स्कोअरर म्हणून सांगतो, ९१७ टिंबं-आकडे एकाच गोलंदाजाच्या नावापुढे लिहायचे म्हणजे रकाना संपतो, मग समासात जावं लागतं, मग वहीला चिठ्ठी डकवावी लागते.

अशा काळात फलंदाजीची सरासरी ३२.७३ ही बरी म्हणावी इतकीच आहे. चांगले फलंदाज तेव्हा पन्नाशीच्या वर जात होते. पण याच काळात याच खेळपट्ट्यांवर फिरकी टाकून ४९४ बळी, तेही प्रत्येकी साडेतेवीस धावांत, हे मात्र खणखणीत काम आहे. म्हणजे घरगुती हिशेब काय सांगतो? सरवटे हे पहिल्यांदा गोलंदाज होते, आणि शिवाय फलंदाजी यायची.

आता कसोटीच्या ओळीकडे परत या. ३ बळी, प्रत्येकी १२४.६६, म्हणजे एकूण ३७४ धावा दिल्या. नऊ कसोट्यांत ३७४. दर कसोटीला साधारण एक्केचाळीस धावा, दोन्ही डाव मिळून. ज्याला खरोखर वापरलं जातं तो फिरकी गोलंदाज एका कसोटीत एवढ्याच धावा देत नाही, तेही समोर ब्रॅडमनचा संघ असताना. म्हणजे त्यांच्या हातात चेंडू फारसा आलाच नाही. उलट फलंदाजीला ते सतरा वेळा गेले, आणि त्यातले बरेच डाव सलामीचे. मुळात गोलंदाज असलेल्या माणसाला भारतानं फलंदाज म्हणून वापरला. या प्रकरणाची गाठ मला इथं दिसते.

होळकरांच्या घरी

सरवटे मूळचे सागरचे, जन्म २२ जुलै १९२० चा. सोळाव्या वर्षी, १९३६-३७ च्या मोसमात, मध्य प्रांत-वऱ्हाडकडून प्रथम श्रेणीत आले. महाराष्ट्राकडून खेळले, मुंबईकडून खेळले, आणि मग इंदूरला होळकर संघात आले.

हा संघ काय होता हे इंदूरबाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. तुकोजीराव होळकरांनी १९२३ मध्ये नागपूरच्या सी. के. नायडूंना इथं आणलं, लष्करात हुद्दा दिला. पुढे यशवंतराव होळकरांनी संघाला पदराखाली घेतलं. खेळाडूला नोकरी, घर, मैदान. त्याच्याकडून एकच अपेक्षा, सीकेंचं ऐकायचं. आणि सीकेंचं न ऐकण्याची कुणाची छाती नव्हती. पन्नाशी उलटलेला कर्नल शिस्तीचा इतका कडक की पुढे एकदा अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले तरी मैदान सोडलं नाही. कर्णधारच असा असल्यावर ‘माझी बोटं दुखतायत’ असं कोण सांगणार?

या शिस्तीचं फळ असं की १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत होळकर दहा वेळा रणजीच्या अंतिम सामन्यात होते. चार वेळा जिंकले. १९४८-४९ चा एक मोसम तेवढा हुकला. आजच्या भाषेत याला घराणं म्हणतात. फक्त या घराण्यात अर्धे लोक आपसात मराठीत बोलायचे : सरवटे, निंबाळकर, भांडारकर, जगदाळे, हिरालाल गायकवाड.

त्यातला एक सामना जवळून बघण्यासारखा आहे. १९४५-४६ ची उपांत्य फेरी, इंदूर, समोर म्हैसूर. होळकरांचा डाव ८ बाद ९१२. एकाच डावात सहा शतकं : कमल भांडारकर १४२, सरवटे १०१, माधवसिंह जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, भाऊसाहेब निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतकवीर हा जगातला विक्रम. गंमत अशी की सहाजणांत नाव नाही ते मुश्ताक अलींचं, म्हणजे ज्यांना बघायला सगळं शहर यायचं त्यांचंच. असो.

लोक ९१२ वर थांबतात. मला त्यापुढचं पान महत्त्वाचं वाटतं. म्हैसूर पहिल्या डावात १९० वर संपलं आणि त्यात सरवटे यांचे ६१ धावांत ९ बळी. ज्या खेळपट्टीवर एका संघानं नऊशे धावा काढल्या तिथंच एका माणसानं नऊ गडी गुंडाळले. याच म्हैसूरनं दुसऱ्या डावात पाचशेच्या वर धावा केल्या, म्हणजे त्यांची फलंदाजी काही मातीची नव्हती आणि खेळपट्टीही बिघडली नव्हती. शतक आणि नऊ बळी, एकाच सामन्यात. पुढच्याच महिन्यात भारताचा संघ इंग्लंडला निघणार होता. सरवटे त्यात होते.

त्यांच्या गोलंदाजीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. ते लेगब्रेकही टाकायचे, म्हणजे उजव्या फलंदाजापासून बाहेर वळणारा चेंडू, आणि ऑफब्रेकही, म्हणजे आत वळणारा. गोलंदाजीतसुद्धा दोन्ही यायचं.

ओव्हलची दुपार

११ मे १९४६, लंडनचं ओव्हल, सरेविरुद्ध दौऱ्याच्या सुरुवातीचा सामना. भारतीय संघ ९ बाद २०५. दहाव्या क्रमांकावर सरवटे, अकराव्यावर शुते बॅनर्जी. अशा वेळी स्कोअरर काय करतो ते सांगतो : टोपण लावायला घेतो. बेरजा सुरू करतो, अवांतर धावा जुळवून बघतो, म्हणजे विकेट पडली की वही बंद.

ती वही बंद व्हायला तीन तास दहा मिनिटं लागली. दोघांनी २४९ धावा जोडल्या. बॅनर्जी १२१ वर बाद झाले, सरवटे नाबाद १२४, डाव ४५४. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतकं केल्याचं हे एकमेव उदाहरण. आजतागायत.

यानंतर सी. एस. नायडूंनी हॅटट्रिक घेतली, सरेवर फॉलोऑन आला, आणि दुसऱ्या डावात सरवटे यांनी ५४ धावांत ५ बळी घेतले. भारतीयांनी सामना नऊ गड्यांनी जिंकला. या पाच बळींचं नाव कुणी काढत नाही. शतक एवढं अचाट होतं की त्यानं गोलंदाजी झाकून टाकली. माझा असा कयास आहे, आणि हा निव्वळ माझाच आहे, की चंदू सरवटे यांच्या कसोटी कारकिर्दीचं नुकसान त्या २४९ धावांनी केलं. त्या दुपारनंतर निवडणाऱ्यांच्या डोक्यात ते ‘बॅट चालवणारे’ म्हणून पक्के बसले.

दौऱ्यात तीन कसोट्या झाल्या. त्यांना मँचेस्टरची तेवढी मिळाली, तीही तळाच्या फळीत. संघात डावखुरी फिरकी टाकणारे विनू मांकड होते, आणि त्या उन्हाळ्यात मांकडांनी हजारावर धावा आणि शंभरावर बळी अशी दुहेरी मजल मारली. एक अष्टपैलू एवढा चालत असताना दुसऱ्याचं काम काय उरतं, हा प्रश्न तेव्हाच उभा राहायला हवा होता.

दहावरून एकवर

दीड वर्षानं ऑस्ट्रेलियाचा दौरा. १९३६ मध्ये मँचेस्टरला २०३ धावांची सलामी देणारी जोडी, मर्चंट आणि मुश्ताक अली, यांपैकी कुणीही गेलं नाही. संघाला सलामीवीर नव्हता. मग सलामीला कोण? मांकड आणि सरवटे. ओव्हलवर दहावा असलेला माणूस आता लिंडवॉल आणि मिलर यांच्या नव्या चेंडूपुढे पहिल्या षटकात उभा.

कुणी म्हणेल, होळकरांकडून ते वरच्या फळीत खेळायचेच की. खेळायचे. पण इंदूरच्या यशवंत क्लबवर वरच्या फळीत जाणं आणि ब्रिस्बेनला जाणं यांत नर्मदेच्या दोन काठांइतकं अंतर आहे. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत पाऊस पडला, खेळपट्टी चिकट झाली आणि भारत ५८ आणि ९८ वर आटोपला. अर्नी टोशॅकनं पहिल्या डावात २ धावांत ५ बळी घेतले. दोन धावांत पाच! तिथं इंदूरच्या रामबागेतल्या पोरांना बोलावलं असतं तरी निकाल तोच लागला असता.

पाचही कसोट्या सरवटे खेळले. त्यातली लक्षात ठेवावी अशी वेळ एकच, मेलबर्नची तिसरी कसोटी, जानेवारी १९४८. मांकड आणि सरवटे यांनी १२४ धावांची सलामी दिली. मांकडांचं शतक, ११६, ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचं पहिलं. सरवटे यांच्या ३६. वहीत ही ओळ क्षुल्लक दिसते. पण १२४ धावा होईपर्यंत एक टोक धरून नव्या चेंडूची धार घालवणं हे काम त्या ३६ मध्ये आहे, आणि या कामाला वहीत रकाना नाही. (आम्हा स्कोअररांना नावं ठेवतात ती काही उगाच नाही.) ब्रॅडमननी त्या सामन्यात १३२ आणि नाबाद १२७ केल्या, आणि सामना गेलाच. मालिका ४-० नं गेली. ब्रॅडमन यांच्या ७१५ धावा.

आता गोलंदाजी. कर्णधार लाला अमरनाथ यांच्याकडे मांकड होते, हजारे होते, फडकर होते, सी. एस. होते, शिवाय ते स्वतः होते. सकाळी नव्या चेंडूला तोंड दिलेल्या सलामीवीराला दुपारी आठ चेंडूंच्या लांब षटकांसाठी आणावं की मांकडांनाच पुढे चालू ठेवावं? मी अमरनाथांच्या जागी असतो तर मीही मांकडांनाच चालू ठेवलं असतं. इथं खलनायक शोधू नये. आणि सरवटे यांना चेंडू मिळाला तेव्हा बळी आले नाहीत हेही खरंच. त्या संघापुढे कुणाला भरपूर आले? पण अधूनमधून चार षटकं मिळणाऱ्या फिरकी गोलंदाजाचा हात बसत नाही, हे गल्लीतल्या कुठल्याही फिरकीवाल्याला विचारा. पहिली दोन षटकं लांबी सापडण्यात जातात, तिसऱ्यात सापडते, चौथ्यानंतर स्वेटर परत, म्हणजे गोलंदाजी बंद.

तीन वर्षांत तिघं

परत आल्यावर १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध दोन कसोट्या. त्याच मालिकेत कोलकात्याला हैदराबादचे गुलाम अहमद आले. उंच, अस्सल ऑफस्पिनर. ऑफब्रेकची खुर्ची भरली.

सरवटे घरी येऊन आपलं काम करत राहिले. १९५०-५१ च्या मोसमात बंगालविरुद्ध २४६, त्यांची सर्वोच्च धावसंख्या, आणि होळकरांनी त्या वर्षी रणजी जिंकली. या जोरावर १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध एक कसोटी मिळाली. ती शेवटची.

त्या मालिकेत कोण कोण आलं ते बघा. दिल्लीत पंकज रॉय पहिली कसोटी खेळले आणि मालिका संपेपर्यंत दोन शतकं ठोकून सलामीला कायमचे झाले. वर्ष संपता संपता कोलकात्यात सुभाष गुप्ते आले. लेगब्रेक काय असतो ते पुढची दहा वर्षं जगाला दाखवत राहिले. गुलाम अहमद आधीच होते. आणि फेब्रुवारीत मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली ती मांकडांच्या बारा बळींवर. सलामीला रॉय, लेगब्रेकला गुप्ते, ऑफब्रेकला गुलाम अहमद, आणि दोन्ही करायला मांकड.

म्हणजे सरवटे यांना जे जे यायचं त्या प्रत्येक गोष्टीला अवघ्या तीन वर्षांत एकेक अस्सल माणूस मिळाला. त्यांच्यापेक्षा सरस माणूस, यात वाद नाही. सरवटे यांचं वय तेव्हा एकतीस.

एकटेच नव्हते

होळकरांच्या त्या चमूत हे दुखणं घरोघरी होतं. सी. एस. नायडू, ज्यांनी प्रथम श्रेणीत ६४७ बळी घेतले, त्यांचे अकरा कसोट्यांत बळी दोन. हिरालाल गायकवाड, ३७५ बळींचे धनी, त्यांना १९५२ च्या ऑक्टोबरात लखनौला पाकिस्तानविरुद्ध एक कसोटी मिळाली, बळी शून्य. काही काळ होळकरांकडून खेळलेले खंडू रांगणेकर, सरासरी एक्केचाळीसच्या वर, ऑस्ट्रेलियात तीन कसोट्या आणि एकूण ३३ धावा. निंबाळकरांना तर तीही नाही. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढणारा माणूस एकही अधिकृत कसोटी न खेळता गेला. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला होता, तो किस्सा मराठी घरात सगळ्यांना पाठ असतो, तेव्हा परत सांगत नाही.

पण ही प्रकरणं एका माळेत ओवू नयेत. निंबाळकरांना संधीच मिळाली नाही. हिरालालना एक मिळाली, आणि एका सामन्यावरून कुणाचाच न्याय होत नाही. सी. एस. नायडूंना अकरा मिळाल्या आणि दोन बळी, इथं दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. सरवटे यांचं निराळं : त्यांना संधी मिळाली, ती भलत्या कामाची.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण द्यायचं तर इंदूरचाच जलज सक्सेना. ऑफस्पिन टाकतो, फलंदाजी करतो, मध्य प्रदेशकडून सलामीलाही गेलेला, नंतर केरळकडे गेला. रणजीत सहा हजारांवर धावा आणि चारशेवर बळी घेणारा पहिला खेळाडू तोच. भारताकडून एकही सामना नाही. त्याच्या काळात ऑफस्पिनला अश्विन होता आणि दोन्ही करायला जडेजा. सत्तर वर्षांनी इंदुरात तेच पान पुन्हा लिहिलं गेलं, फक्त या वेळी कसोटीचा रकाना कोराच राहिला.

मध्य प्रदेशच्या अमेय खुरासियाचं नाव इथं कुणी घेईल. पदार्पणात, १९९९ मध्ये पुण्याला श्रीलंकेविरुद्ध, ४५ चेंडूंत ५७, मग विश्वचषकाच्या संघात आणि तिथं एकही सामना नाही. बारा एकदिवसीय सामन्यांत सगळं आटोपलं. पण तो फलंदाज होता, फलंदाज म्हणूनच घेतला आणि फलंदाज म्हणूनच वगळला. तो वेगळा खटला.

मला काय वाटतं

सरवटे पेशानं बोटांच्या ठशांचे जाणकार होते, कायदाही शिकलेले. मला हे नेहमी मजेशीर वाटत आलंय. लेगब्रेक आणि ऑफब्रेक, दोन्हींत सगळा खेळ बोटांचा आणि मनगटाचा, आणि दिवसभर हा माणूस भिंगातून दुसऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा बघणार. त्या कामात दोन ठसे ताडून बघायचे तर ते एकाच बोटाचे हवेत. अंगठ्याचा ठसा करंगळीशी जुळवून ‘जुळत नाही’ असा शेरा मारला तर चूक ठशाची नसते. त्यांच्या घरगुती आणि कसोटी आकड्यांची जी तुलना सगळे करतात, ती मला अशी वाटते. घरी चेंडूनं केलेलं काम आणि ऑस्ट्रेलियात बॅटनं केलेलं काम आपण शेजारी ठेवतो.

मग योग्य वापर कोणता होता? १९४६ च्या इंग्लंडमध्ये, ओल्या उन्हाळ्यात, ओव्हलच्या पाच बळींनंतर, तीन कसोट्या सलग, सातव्या-आठव्या क्रमांकावर, मांकडांच्या दुसऱ्या बाजूनं रोज वीस षटकं. एवढं करून बघायला हवं होतं. त्यानंतरही सरासरी १२४ आली असती तर मीही मुकाट्यानं वही मिटली असती. ऑस्ट्रेलियात सलामीला पाठवणं ही त्या संघाची नड होती, सरवटे यांची परीक्षा नव्हती. पण वहीत नड लिहीत नाहीत, धावा लिहितात.

आणि त्यांनी स्वतः नाही का म्हटलं नाही? या प्रश्नावर मी थोडा अडतो. सीकेंच्या हाताखाली वाढलेला माणूस कर्णधाराला ‘मी सलामीला जाणार नाही’ म्हणेल हे मला खरं वाटत नाही. जिथं टाकतील तिथं. चिमणबागेवरच्या त्या वडिलांनी ज्या अभिमानानं हे वाक्य उच्चारलं, तोच अभिमान होळकरांच्या तंबूतही असणार.

त्या गृहस्थांना मी पुढच्या रविवारी एवढंच म्हणालो की पोराला विचारा, त्याला आधी काय आवडतं. पोरगा तेवढ्यात म्हणाला, “बॉलिंग.” वडील म्हणाले, “अरे, पण ओपनिंगला जागा रिकामी आहे ना!”

सरवटे १९६८-६९ पर्यंत प्रथम श्रेणीत दिसतात. मध्य प्रदेशकडून खेळले, विदर्भाकडून खेळले. वय अठ्ठेचाळीस. मग ते निवड समितीवर गेले. १९८३ च्या विश्वचषकाचा संघ ज्या पाचजणांनी निवडला त्यांत चंदू बोर्डे आणि बिशनसिंग बेदी यांच्याबरोबर चंदू सरवटे होते, आणि टेबलाभोवती उरलेले दोघं होते पंकज रॉय आणि अध्यक्ष गुलाम अहमद. एकानं त्यांची सलामीची जागा घेतलेली, दुसऱ्यानं ऑफब्रेकची. त्या खोलीतून निघालेल्या संघात रॉजर बिन्नी होता, मदनलाल होता, कीर्ती आझाद होता, आणि लाला अमरनाथ यांचा मुलगा मोहिंदर होता. सगळे दोन्ही येणारे. बिन्नीनं त्या स्पर्धेत सर्वांत जास्त, अठरा बळी घेतले. मोहिंदर उपांत्य सामन्यात आणि अंतिम सामन्यात सामनावीर ठरला. दोन्ही सामन्यांत त्यानं बॅटही केली, आणि चेंडूही त्याच्या हातात दिला गेला.